सगळे रिपोर्ट चांगले, तरी अंगात त्राण का नाही?

एका वाचक ताईंनी पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, नाशिकला प्राथमिक शाळेत शिक्षिका. पाच वर्षांपासून रुमेटॉइड संधिवात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आणि रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू आहे. सांध्यांची सूज गेली, ईएसआर आणि सीआरपी या दाहाच्या रक्ततपासण्या मर्यादेत आल्या, डॉक्टर म्हणाले आजार आटोक्यात आहे. पण दुपारचे दोन वाजले की कुणीतरी मेन स्विच बंद केल्यासारखं होतं. घरी आल्यावर चपलाही न काढता दिवाणावर पडावंसं वाटतं. घरचे म्हणतात, रिपोर्ट चांगले आहेत, तू उगाच मनाला लावून घेतलंयस. त्या तीन गोष्टी विचारतात: हे मनाचे खेळ आहेत का? नसतील तर हा थकवा येतो कुठून? आणि ताकदीसाठी काय घ्यावं? सोबत रिपोर्टांचे फोटो आहेत. त्यांतल्या दोन आकड्यांकडे मी पुढे येणार आहे.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तिसऱ्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून तेही आत्ताच सांगून टाकते: ताकदीची अशी गोळी नसते. दुसरा प्रश्न मात्र ऐसपैस आहे. बावीस वर्षं पुण्यात संधिवाताची ओपीडी करते आहे, आणि त्यातली पहिली काही वर्षं मीसुद्धा थकव्याची तक्रार ऐकून मान डोलवायचे आणि बोटांचे सांधे दाबायला लागायचे. सांधा दिसतो, दाबता येतो. थकवा टेबलावर ठेवता येत नाही. रुमेटॉइडच्या साधारण दर दोन पेशंटांमागे एकाला थकवा तीव्र असतो, ल्युपसमध्ये (त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर प्रतिकारशक्तीच उलटते त्या आजारात) दहातल्या आठांना तरी तो जाणवतो. पुष्कळ जण तर सांगतात, दुखणं परवडलं पण हे नको.

आधी शब्दांकडे बघू, कारण मराठीत या एका तक्रारीला बरेच शब्द आहेत आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळ्या दिशेला जातो. ‘मी दमते’ आणि ‘मला दम लागतो’ यांत ऐकायला थोडाच फरक, पण माझ्यासाठी जमीन-अस्मानाचा. जिना चढताना दम लागत असेल, धाप लागत असेल, तर मी थकव्याचा विचार बाजूला ठेवून हिमोग्लोबिन, हृदय आणि फुप्फुस बघते. रुमेटॉइडमध्ये फुप्फुसाला जाळी धरू शकते, आणि ती सुरुवातीला अशीच बोलते. ‘अशक्तपणा’ म्हणणाऱ्याला मी खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगते. उकिडवं बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नाही, वेणी घालताना हात आपोआप खाली येतात, असं असेल तर तो थकवा नाही, स्नायूंचा आजार असू शकतो आणि रक्तातलं सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम तपासावं लागतं. ‘सारखी झोप येते’ म्हटलं की थायरॉइड, रात्रीचं घोरणं आणि चालू गोळ्यांची यादी. ‘शीण आला’ हे तर कष्टाचं माप आहे. शीण झोपेने जातो. उरतं ते ‘अंगात त्राण नाही’, ‘गळून गेल्यासारखं होतं’. रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नाही, काम काही केलेलं नसतं, आणि डोक्यातही धुकं. फळ्यावर लिहिता लिहिता साधा शब्द आठवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ऑटोइम्यून आजाराचा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराचा, थकवा तो हाच.

तो येतो कुठून, हे मला सगळ्यांत सोपं करून एका शेतकरी पेशंटने सांगितलं. जुन्नरकडचे काका, गुडघे सुजलेले. मी त्यांना जाडजूड भाषेत काहीतरी समजावत होते. ते म्हणाले, “म्हंजी आजारी गाईवानी की. गाय आजारली की वैरण सोडती, रवंथ बंद करती, कळपातून बाजूला हून कोपऱ्यात बसती. तिला काय कोणी मनाला लावून घेतलंस म्हणतं व्हय?” काकांना ठाऊक नव्हतं, पण हीच गोष्ट १९८८ मध्ये बेंजामिन हार्ट या अमेरिकी पशुवैद्यकाने शास्त्रीय भाषेत मांडली होती. आजारी जनावराचं खाणं सोडणं, निपचित पडणं, हा आजाराचा दुबळेपणा नाही. शरीराने आखलेला डाव आहे. जंतूंशी लढायला लागणारी ऊर्जा वाचवायची, म्हणून मेंदू बाकीची सगळी खाती बंद करतो.

मेंदूला हा निरोप पोचवणारे रेणू म्हणजे सायटोकाइन्स. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ ही त्यांतली ओळखीची नावं. काही निरोप रक्तातून जातात, काही पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेवरून. फ्लू झाल्यावर अंग मोडून येतं, बोलायला नको वाटतं, भूक मरते, ते याच निरोपांमुळे. फ्लूच्या वेळी चार दिवसांत लढाई संपते आणि मेंदू खाती पुन्हा उघडतो. तुमच्या आजारात शरीर स्वतःच्याच सांध्यांशी लढतंय, आणि ती लढाई पाच वर्षं चालू आहे. औषधांनी आवाज बारीक झाला, पण निरोप येणं पुरतं थांबलं असेलच असं नाही.

आता ‘रिपोर्ट नॉर्मल’ या वाक्याकडे येऊ, कारण घरातली सगळी भांडणं त्यावरून होतात. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत रक्त ठेवलं तर तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, एवढंच. सीआरपी हे यकृतात तयार होणारं एक प्रथिन. दोन्ही दाह मोजतात, तेही आडून. मेंदूत काय चाललंय ते यांतलं एकही सांगत नाही. आम्ही आजाराचा जोर मोजायला डीएएस-२८ नावाची पद्धत वापरतो. तीत २८ सांधे मोजतात, ईएसआर किंवा सीआरपी धरतात, पेशंटला एकंदर कसं वाटतंय त्याचा एक आकडा घेतात. थकव्याला तीत वेगळा रकाना नाही. आणि गंमत बघा, त्या २८ सांध्यांत पाऊल आणि घोटाही नाही. दिवसभर फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाईची पावलं कुणी दाबूनच पाहिली नसतील, तर ‘आजार आटोक्यात’ हा शेरा मी जरा सावधपणे वाचते. पुढच्या वेळी मोजे काढून बसा आणि डॉक्टरांना तळपायाची पुढची बाजू दाबायला सांगा. पाऊल दुखत असेल तर शरीर दिवसभर नकळत तोल सावरत राहतं, आणि दोन वाजता स्विच बंद होतो.

आकडे सुधारूनही थकवा मागे राहू शकतो याचा एक चांगला पुरावा संधिवातातून नाही, काविळीच्या उपचारातून आला. हेपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं देत. हे इंजेक्शन म्हणजे प्रतिकारशक्तीला दिलेली हाकच, आणि ते घेणारे अक्षरशः गळून जात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी अशा ५५ पेशंटांचा पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. उपचार संपून सहा महिने झाल्यावरही १८ जणांचा थकवा गेला नव्हता. उपचारांच्या सुरुवातीला या अठरा जणांची प्रतिकारयंत्रणा इतरांपेक्षा जास्त भडकली होती. पण सहा महिन्यांनंतर रक्त तपासलं, तर थकलेले आणि न थकलेले यांच्या रक्तात दाहाचा फरक सापडला नाही. आग विझली, धूर राहिला. तेव्हा घरचे म्हणाले ‘रिपोर्ट चांगले आहेत’, तर म्हणा, हो, चांगलेच आहेत, पण त्यात हे मोजतच नाहीत.

असं असलं तरी सगळा थकवा आजाराच्या नावावर टाकून मोकळं होणं ही डॉक्टरांची दुसरी चूक. आजाराच्या थकव्याआड दुरुस्त होणाऱ्या गोष्टी लपलेल्या असतात, आणि त्या शोधणं हे पहिलं काम.

तुमचेच दोन आकडे घ्या. हिमोग्लोबिन १०.९. बाईमाणसासाठी १२च्या खाली म्हणजे रक्त कमी, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आपल्याकडे ‘बायकांचं असतंच एवढं’ म्हणून त्यावर पडदा टाकतात, काही वेळा डॉक्टरसुद्धा. दुसरा आकडा फेरिटिन २२. लॅबच्या छापील मर्यादेत तो बसतो, म्हणून त्यापुढे लाल खूण नाही. पण फेरिटिन हा लोहाचा साठा दाखवतो आणि दाह असला की तो खोटा चढतो. त्यामुळे अंगात दाह असणाऱ्या माणसात शंभरच्या आतलं फेरिटिनही संशयास्पद धरतात, आणि ३०च्या खाली तर दाह असो-नसो, लोह कमीच. तुमची पाळी जास्त जाते का, दुखण्यासाठी मधूनमधून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेता का, शौचाला काळं होतं का, हे पत्रात नाही. या गोळ्यांनी जठरातून नकळत थेंब थेंब रक्त जातं. आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला. चहातली द्रव्यं लोह शोषू देत नाहीत. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर कधीच नको. रोज सोसत नसेल तर एक दिवसाआड घेऊनही चांगली लागू पडते, डॉक्टरांना विचारून तसं करा.

बी-१२ तुम्ही केलेलंच नाही. शाकाहारी घरात ते कमी असण्याची शक्यता भरपूर. शिवाय वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी. थायरॉइडही बघा, कारण एक ऑटोइम्यून आजार असलेल्या माणसाला दुसरा असण्याची शक्यता जास्त असते आणि हाशिमोटो, म्हणजे थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, हा त्यांतला नेहमीचा सोबती. टीएसएच ही साधी तपासणी आहे. पोट सतत बिघडत असेल, वजन उतरत असेल, तर गव्हाचा आजार, म्हणजे सिलिॲक, हाही मनात ठेवावा.

ड जीवनसत्त्वाबद्दल मात्र माझं मत लोकांपेक्षा थोडं वेगळं आहे. ते आपल्याकडे कमी सापडतंच, हाडांसाठी भरून काढायलाच हवं, पण त्याने थकवा झटक्यात जाईल ही आशा धरू नका. आणि ते ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक असं ठरावीक आठवडे घ्यायचं असतं. ‘बरं वाटतंय’ म्हणून दोन वर्षं चालू ठेवलेले लोक मी पाहिलेत. रक्तातलं कॅल्शियम चढलं की पुन्हा थकवा, मळमळ, बद्धकोष्ठ. म्हणजे औषधानेच आजार आणला.

स्टेरॉइड हा वेगळा विषय. तुमच्या यादीत ते नाही, पण पहिल्या वर्षी घेतलं होतं का? स्टेरॉइड तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलं की आपल्या मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी आळसावतात, कारण बाहेरून माल येतोय. मग गोळी एकदम थांबवली की माणूस कोसळतो: गळाठा, चक्कर, उलट्या. म्हणून ती पायरीपायरीने उतरवायची. याहून वाईट म्हणजे गुडघेदुखीवरच्या बिनलेबलाच्या पुड्या. घेतली की आठवड्यात माणूस धावायला लागतो, बंद केली की अंथरुण धरतो. अशा पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा मला दर वेळी संशय येतो, आणि बऱ्याचदा तो खरा ठरतो. कुणी नातेवाईक प्रेमाने पुडी आणून देत असतील तर त्यांना नमस्कार करून परत करा.

आणखी एक गोष्ट आपल्या देशात विसरून चालत नाही. संधिवाताची औषधं, विशेषतः टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं, घेणाऱ्याला थकव्याबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणं सुरू झालं तर आधी क्षयरोग नाही ना हे पाहायचं. तिथे महिनाभर वाट बघायची नसते.

मनाचं काय, हे टाळून चालणार नाही, कारण घरच्यांनी तो शब्द उच्चारलाय. ऑटोइम्यून आजारात नैराश्य सामान्यांपेक्षा जास्त आढळतं. वर सांगितलेले सायटोकाइन्स मनावरही सावली टाकतात. त्यामुळे नैराश्य असलं तर त्यावर उपचार करायचे, जसे रक्त कमी असलं तर करतो तसे, लाज न बाळगता. मी एक साधा प्रश्न विचारते: अंगात ताकद असती तर काय केलं असतं? “मुलीला घेऊन गंगापूरला गेले असते, शाळेचं स्नेहसंमेलन बसवलं असतं,” असं भराभर सांगणारी बाई थकलेली आहे. जिला काहीच करावंसं वाटत नाही, ताकद असली तरी, तिच्याशी मी वेगळं बोलते. तुमच्या पत्रात करायच्या गोष्टींची यादी अर्धा पान आहे.

झोपेबद्दल थोडक्यात: सकाळचा ताठरपणा, रात्री कूस बदलताना दुखणं, घोरणं, तिन्ही विचारून घ्या. आणि अंगभर दुखतं, झोप ताजी करत नाही, कुठेही दाबलं तरी दुखतं, असं असेल तर फायब्रोमायल्जिया बघावा. रुमेटॉइडच्या साधारण पाचातल्या एका पेशंटला तो जोडीने असतो, आणि तिथे संधिवाताची औषधं वाढवून काही उपयोग होत नाही.

तुम्ही लिहिलंय की गेल्या महिन्यात दोनदा सलाईन लावून घेतलं, ‘तेवढ्यापुरतं बरं वाटलं’. याचा हिशेब मांडूच. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास एका पोळीइतकी ऊर्जा. पिवळं दिसतं ते बी-कॉम्प्लेक्समुळे. बरं कशामुळे वाटतं ते सांगू? दोन तास तुम्ही आडव्या पडलात, घरच्यांनी हाक मारली नाही आणि कुणीतरी तुमचा आजार खरा मानून हाताला सुई लावली. यातल्या पहिल्या दोन गोष्टी घरी फुकट मिळू शकतात.

आता करायचं काय. माझ्याकडे एक बाई येतात, रुमेटॉइडच्याच, घरी ब्लाउज शिवतात. त्यांना मी सांगितलं, रोज झोपताना शून्य ते दहा असा थकव्याचा आकडा लिहा. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे उठवत नाही. वही घेतील असं वाटलं होतं. दीड महिन्याने त्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानंच काढून घेऊन आल्या. प्रत्येक चौकोनात दूधवाल्याचे लिटर, गॅस सिलिंडर लावल्याची खूण, कोपऱ्यात थकव्याचा आकडा, आणि त्यांच्या धंद्याच्या सवयीने त्या दिवशी किती ब्लाउज झाले तोही. आम्ही दोघींनी पाच मिनिटं ते पान पाहिलं आणि दोन गोष्टी लख्ख दिसल्या. दर सोमवारी आठ. कारण मेथोट्रेक्सेट रविवारी रात्री, आणि सोमवारी धुण्याचा ढीग. मेथोट्रेक्सेटनंतरचा दिवस पुष्कळांना जड जातो. आम्ही गोळी शनिवारी रात्री नेली, रविवारचा स्वयंपाक मुलाने आणि नवऱ्याने वाटून घेतला. (फॉलिक ॲसिड नीट घेतलं जातंय ना तेही पाहिलं. तरी जमत नसेल तर गोळीऐवजी इंजेक्शन असतं.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. आकडा तीनवर आला, म्हणजे बरा दिवस, की त्या दिवशी सहा-सात ब्लाउज. मग लागोपाठ तीन दिवस नऊ, आणि ब्लाउज शून्य. बरं वाटलं की साठलेलं सगळं उरकायचं, हा आपल्या बायकांचा हाडाचा स्वभाव. दिवाळीच्या आधी माझ्या ओपीडीत हेच दिसतं: एका दिवसात चकल्या, करंज्या आणि माळ्याची साफसफाई, मग भाऊबीजेला अंथरुणात. आम्ही ठरवलं, रोज तीन ब्लाउज. बरा दिवस असला तरी तीनच, वाईट असला तरी निदान एक. बरं वाटत असताना मशीन झाकून उठणं त्यांना आजारापेक्षा अवघड गेलं, असं त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या महिन्याचे ब्लाउज मोजले तर पहिल्यापेक्षा चारने जास्त भरले. नळाला तासभरच पाणी येतं त्या घरात बादल्या कशा भरायच्या हे तुम्हाला शिकवायला नको, तोच हिशेब.

तुमच्यासाठी हा हिशेब असा मांडता येईल: दोन वाजता स्विच पडतो ना, मग विश्रांती साडेबाराला घ्यायची, पडल्यावर नाही. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं स्टाफरूममध्ये पाय वर करून, फोन बाजूला ठेवून. पहिले दोन तास उभ्याने शिकवत असाल तर तिसरा बसून. वह्या तपासणं संध्याकाळी नको. मुख्याध्यापकांकडून वेळापत्रकात शेवटचा तास मोकळा मागायला लाजू नका. डॉक्टरांचं पत्र त्यासाठी मागून घ्या, आम्ही देतो.

आणि चालायचं. इथे पेशंट माझ्याकडे रागाने बघतात: उठवत नाही म्हणून आले आणि ही बाई चालायला सांगते. पण थकव्यावरच्या उपायांत जमेल तेवढ्या हालचालीचा पुरावा सगळ्यांत भक्कम उपायांपैकी आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, युलारने, २०२३ मध्ये थकव्यासाठी वेगळ्या शिफारशी काढल्या, त्यांतही व्यायाम आणि समुपदेशन ठळकपणे आहेत. ब्रिटनमध्ये लिफ्ट नावाची एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. संधिवाताच्या पेशंटांना फोनवरून प्रत्येकाला झेपेल असा व्यायाम, किंवा फोनवरूनच विचार-सवयी बदलण्याचं समुपदेशन दिलं. दोन्हींनी थकवा कमी झाला, आणि फरक पुढेही टिकला. नवं औषध नाही, फक्त फोन. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, मग तेच काम जास्त जड लागतं, मग आणखी पडून राहावंसं वाटतं.

सुरुवात हास्यास्पद वाटावी इतकी लहान करा. सोसायटीच्या आवारात सात मिनिटं, रोज. मोजपट्टी एकच: दुसऱ्या दिवशीचा आकडा वाढला नाही ना? नाही वाढला तर पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं जास्त. वाढला तर मागच्या आठवड्यावर परत. एक अपवाद सांगते. थोड्या श्रमानंतर एक-दोन दिवसांनी माणूस पुरता कोसळत असेल आणि दर वेळी तसंच होत असेल, तर एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम हा वेगळा आजार असू शकतो. त्यात नेटाने व्यायाम वाढवत नेणं घातक ठरतं. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये ती शिफारस काढूनच टाकली. आणि कुणा वाचकाला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण झिजवणारा ऑटोइम्यून आजार) असेल, तर त्यांच्या थकव्याचं उन्हाशी वैर आहे हे लक्षात ठेवा. झिजलेल्या नसा गरमीत निरोप नीट पोचवत नाहीत. अशा पेशंटांची नजर श्रमानंतर तात्पुरती अंधूक होते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच टिपलं होतं; त्यामागे अंग तापणं आहे हे पुढे कळलं. नागपूरकडच्या मे महिन्यात त्यांनी चालायचं ते पहाटे, आणि आधी गार पाण्याने अंघोळ.

औषध बदलून थकवा जाईल का? आजाराचा जोर खरोखर उरला असेल, पावलात सूज सापडली, तर हो, औषध वाढवल्याने थकवाही उतरतो. टीएनएफसारखे निरोप अडवणाऱ्या महागड्या बायोलॉजिक इंजेक्शनांनी थकव्यात पडणारा फरक अभ्यासांमध्ये थोडा ते मध्यम असाच दिसलाय. सांधे शांत असताना केवळ थकव्यासाठी ती सुरू करायला मी तरी सांगणार नाही. कर्ज काढून इंजेक्शन घेतलं आणि थकवा तिथेच, असं झालं की त्या घरात जे वातावरण होतं ते मी पाहिलंय.

राहता राहिल्या सासूबाई. तुम्ही लिहिलंय, त्या म्हणतात, ‘आम्ही विहिरीचं पाणी ओढून दहा माणसांचा स्वयंपाक केला.’ केलाच असेल. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना आकडा सांगा. ‘मला बरं नाही’ या वाक्याला घरात किंमत उरत नाही, कारण ते रोजचं होतं. ‘आज सात आहे, भाजी मी चिरते, पोळ्या तुम्ही टाका’ याला उरते. माझ्या एका पेशंटच्या सासूबाई आता सकाळी चहा देताना विचारतात, “आज किती गं?” सून काय आकडा सांगते त्यावर त्या कणीक भिजवायची की नाही ते ठरवतात.

पुढच्या तपासणीला जाताना तुमच्या डॉक्टरांना एवढं विचारा: फेरिटिन २२ला लोह द्यायचं का, बी-१२ आणि टीएसएच करायचं का, मेथोट्रेक्सेटचा वार बदलता येईल का, आणि पावलं तपासाल का. सोबत कॅलेंडरचं पान न्या, दोन महिन्यांचं तरी. दूधवाल्याचा हिशेब त्यावर असला तरी चालतो.